स्वयंपाकघराची पुनर्रचना

घर बांधणे हा प्रत्येक कुटुंबाच्या आयुष्यातील मोठा प्रसंग असतो; परंतु बांधलेले घर बदलत्या गरजांप्रमाणे सुधारून घेणे हेही तितकेच विचाराचे काम आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. त्यातही स्वयंपाकघर सुधारावयाचे ठरले म्हणजे घरात मोठा उत्साह संचारतो. ओट्याला कोणता दगड बसवावा, भिंतीला कोणत्या रंगाच्या फरश्या लावाव्यात, कपाटांची दारे चकचकीत असावीत की साधी, यांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा चालते. परंतु या खोलीत दररोज काम कोण करते, किती वेळ करते, उभ्याने करते की बसून, पाणी कोठून आणते आणि खरकटी भांडी कोठे नेते, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाही. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

सिल्वासाजवळील सायली आणि तिच्या आसपासची गावे यांत हा विषय आज विशेष निकडीचा झाला आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले, त्या वेळी हा सारा मुलूख शेतीचा आणि जंगलाचा होता. पुढे येथे कारखाने आले, रस्ते झाले, बाहेरगावची कुटुंबे नोकरीनिमित्त स्थायिक झाली. २०२३ साली खुद्द सायलीत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वास्तूचे उद्घाटन झाले. या बदलाबरोबर घरेही बदलत आहेत. कुडाच्या भिंतींच्या जागी विटा येतात, कौलांच्या जागी स्लॅब पडतो, आणि चुलीच्या जागी गॅसची शेगडी येते. ज्या घराने वर्षानुवर्षे पै पै साठवून ही सुधारणा हाती घेतली, त्याला ती पुन्हा दहा-पंधरा वर्षे करता येणार नाही. म्हणून पहिली वीट निघण्यापूर्वीच विचार झाला पाहिजे.

१. जुन्या स्वयंपाकघरापासून काय शिकावे?

दादरा-नगर हवेलीतील वारली, कोकणा इत्यादी समाजांची जुनी घरे कारवीच्या कुडाची, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली असत. देशावरील आणि कोकणातील घरांत मातीच्या वा दगडी भिंती आढळत. घराचे साहित्य निरनिराळे असले, तरी स्वयंपाकाची मांडणी पुष्कळशी सारखी होती. जमिनीवर चूल, चुलीला लागून वैल, जवळच सरपणाची रास, एका बाजूस पाण्याचा माठ किंवा रांजण, कोपऱ्यात मोरी, भिंतीत कोनाडा आणि फडताळ, वर टांगलेले शिंकाळे आणि एका बाजूस रचलेली उतरंड. स्वयंपाक करणारी बाई पाटावर बसली, की मिसळणाचा डबा, पळी, उलथने, परात आणि पोळपाट या साऱ्या वस्तू तिच्या हाताच्या टप्प्यात असत. तिला वारंवार उठावे लागत नसे.

या मांडणीतील गुण आपण ओळखला पाहिजे. जी वस्तू ज्या कामाला लागते, ती त्या कामाच्या जागीच असावी, हा नियम कोणीही पुस्तकात न लिहिता आपल्या आजी-पणजींनी पाळला होता. शिंकाळ्यामुळे दूधदुभते मांजरापासून आणि मुंग्यांपासून सुरक्षित राही. उतरंडीमुळे थोड्या जागेत पुष्कळ धान्य मावे.

तथापि, जुन्या स्वयंपाकघराचे सारेच चांगले होते असे मानणे चुकीचे होईल. पाणी विहिरीवरून किंवा नदीवरून डोक्यावर आणावे लागे. वाकून केर काढणे, वाकून फुंकणे, वाकून भांडी घासणे यांनी कंबर धरून येई. खिडकी लहान किंवा नसलेलीच, म्हणून दिवसाही अंधार. आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे धूर.

२. धुराचा प्रश्न

चुलीतील लाकूड पूर्णपणे जळत नाही. हवा अपुरी पडली, की कार्बनचे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. या धुराने डोळे चुरचुरतात, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु फुप्फुसांचे आणि हृदयाचे जे नुकसान होते, ते डोळ्यांना दिसत नाही. कर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांसह आपल्या शेजारच्या गुजरात राज्यातील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहानशी मापक यंत्रे बसवून त्यांच्या श्वासाबरोबर किती धूर जातो, याचे मोजमाप केले. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासामुळे घरातील धुराकडे जगातील शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातील धुरामुळे व दूषित इंधनामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे अकाली मृत्यू पावली.

या प्रश्नाची जाणीव आपल्याकडे फार पूर्वी झाली होती, ही अभिमानाची गोष्ट होय. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कार्य चालत असे. तेथे १९४७ साली 'मगन चूल' तयार करण्यात आली. मातीचीच चूल, पण ती वरून बंदिस्त, आतून गरम हवेला एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली नेणारी, आणि शेवटी धूर धुराड्यातून छपराबाहेर सोडणारी. पुढे हैदराबादचे अभियंते एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या चुलीवर संशोधन करून १९५३ साली त्याविषयी पुस्तक प्रसिद्ध केले. १९८३ साली केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

परंतु या कार्यक्रमातील पुष्कळ चुली काही वर्षांतच बाजूला पडल्या. कोठे धुराडे काजळीने भरले आणि ते साफ करावयास कोणी शिकविले नाही. कोठे चुलीचे तोंड घरातील भांड्याला बसेना. कोठे भाकरी निखाऱ्यावर शेकावयास जागाच राहिली नाही. चुलीचे शास्त्र बरोबर होते, परंतु ती वापरणाऱ्या बाईला आधी विचारले गेले नव्हते. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसची जोडणी देण्यास प्रारंभ केला, आणि असंख्य घरांत सिलिंडर पोहोचला. तरीही पाणी तापविण्यास किंवा भाकरीसाठी चूल चालू ठेवलेली घरे आजही आहेत. ज्या घरात चूल राहणारच आहे, तेथे तिच्यासाठी पडवीत किंवा परसदारी मोकळी जागा आणि धुराडे यांची योजना आराखड्यातच करावी. चूल नाहीच असे कागदावर दाखवून भागत नाही.

३. पावले मोजणारी विदुषी

गेल्या शतकाच्या आरंभी कारखान्यांत कामाचा अभ्यास होऊ लागला. कामगार किती वेळा वाकतो, हात किती लांब नेतो, एका विटेसाठी किती हालचाली करतो, यांची मोजदाद करून निरर्थक हालचाली काढून टाकावयाच्या, म्हणजे थकवा कमी होतो आणि काम वाढते, असे दिसून आले. अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ आणि त्यांच्या पत्नी लिलियन गिलब्रेथ हे या शास्त्राचे अग्रणी होते. १९२४ साली फ्रँक यांचे निधन झाले. मुलाबाळांचा मोठा संसार लिलियनबाईंवर पडला. आणि स्त्री असल्यामुळे अनेक कारखानदार त्यांना काम देईनात. तेव्हा त्यांनी आपली विद्या स्वयंपाकघराकडे वळविली.

त्यांची रीत सोपी होती. एक विशिष्ट पदार्थ करावयास सांगावयाचा, आणि करणारी व्यक्ती किती पावले चालते ते मोजावयाचे. नंतर ओटा, शेगडी, कपाट आणि शीतकपाट यांची जागा बदलून तोच पदार्थ पुन्हा करावयाचा. स्ट्रॉबेरीच्या केकवर केलेल्या अशा एका प्रयोगात मूळच्या मांडणीत २८१ पावले पडली. नव्या मांडणीत केवळ ४५. कामातील निरनिराळ्या क्रिया ९७ वरून ६४ वर आल्या. पदार्थ तोच, करणारी तीच. केवळ वस्तूंच्या जागा बदलल्या होत्या.

विद्यार्थ्यांनी येथे एक साधे गणित करून पाहावे. समजा, वाईट मांडणीमुळे एखाद्या घरात दिवसाला ३०० पावले व्यर्थ जातात. एक पाऊल दोन फुटांचे धरले, तर दिवसाला ६०० फूट आणि वर्षाला २,१९,००० फूट होतात. म्हणजे सुमारे ६७ किलोमीटर! सिल्वासाहून वापीला दीड-दोन वेळा पायी जाऊन यावे, इतकी ही चाल एका बंद खोलीत होते, आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

याच सुमारास, १९२६ साली, जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद स्त्रीने कामगारांच्या घरांसाठी एक छोटे स्वयंपाकघर योजिले. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघरापासून त्यांनी स्फूर्ती घेतली होती. १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब अशा त्या खोलीत प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली होती. पीठ, तांदूळ, साखर यांसाठी नावे घातलेले खण होते. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आज आपल्या शहरांत 'मॉड्युलर' नावाने जी स्वयंपाकघरे विकली जातात, त्यांचा हा पूर्वज होय.

मात्र त्यातही एक दोष निघाला. ती जागा एका माणसापुरतीच होती. दुसऱ्याने हाताखाली उभे राहावे म्हटले, तर वळावयास वाव नाही. आणि आतली बाई घरातील इतर माणसांपासून तुटली. आपल्या घरांत तर दिवाळीचा फराळ, उन्हाळ्यातील पापड-कुरडया, कैरीचे लोणचे ही कामे चार हातांची असतात. चकल्या पाडणारी एक, तळणारी दुसरी, आणि डब्यात भरणारे मूल तिसरे. म्हणून परदेशी आराखड्यातील मोजमापाचे शास्त्र अवश्य घ्यावे; परंतु त्याची मापे आपल्या कामाला लावून पाहिल्यावाचून घेऊ नयेत.

४. दूरचित्रवाणीवरील घरे

हल्ली स्वयंपाकघर सुधारण्याची कल्पना बहुतेकांना दूरचित्रवाणीवरील किंवा मोबाइलवरील कार्यक्रमांतून येते. अशा कार्यक्रमांचा इतिहासही मनोरंजक आहे. १९७९ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या एका सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राने 'धिस ओल्ड हाउस' हा कार्यक्रम सुरू केला. त्यात एक मोडकळीस आलेले जुने घर घेऊन त्याची दुरुस्ती आठवड्यामागून आठवडे दाखविली जाई. सुतार, नळकारागीर, वीजकारागीर आपापले काम कसे करतात, भिंत उघडल्यावर आत काय सापडते, हे प्रेक्षकांना पाहावयास मिळे. हा कार्यक्रम खऱ्या अर्थाने शिक्षण देणारा होता.

१९९६ साली ब्रिटनमध्ये बी. बी. सी.ने 'चेंजिंग रूम्स' नावाचा कार्यक्रम आणला. त्यात दोन शेजारी एकमेकांच्या घरातील एक खोली दोन दिवसांत आणि ठरलेल्या थोड्या पैशांत बदलून टाकीत. शेवटी घरमालकाला डोळे मिटून आत आणावयाचे, आणि डोळे उघडताच त्याच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य टिपावयाचे. कार्यक्रम अतिशय लोकप्रिय झाला. मात्र एका भागात असे घडले, की एका बाईंच्या जुन्या, मौल्यवान चहाच्या किटल्यांसाठी छताला टांगलेली सुंदर फळी बनविण्यात आली. ती भार न सोसून कोसळली आणि किटल्यांचा चुरा झाला. फळी दिसावयास सुरेख होती, परंतु तिच्यावर किती वजन पडणार आणि ते कोण पेलणार, हा हिशेब चुकला होता.

या कार्यक्रमांपासून नवनवीन कल्पना अवश्य घ्याव्यात. बंद कोपऱ्याचा उपयोग कसा करावा, अंधारी खोली उजळ कशी करावी, हे त्यांत चांगले दाखविलेले असते. परंतु ते पाहताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे, वेळ. पडद्यावर जे काम पाऊण तासात पुरे होते, त्याला प्रत्यक्षात अनेक आठवडे लागतात. कारण गिलावा आणि काँक्रीट यांवर दिवसचे दिवस पाणी मारावे लागते, आणि ओली भिंत वाळल्यावाचून रंग धरीत नाही. दुसरी म्हणजे, उपयोग. चित्रीकरण संपते तेव्हा त्या स्वयंपाकघरात एकही फोडणी पडलेली नसते. तेलाचा धूर, हळदीचे डाग आणि पावसाळ्यातील ओल यांनी सहा महिन्यांनंतर त्या खोलीचे काय झाले, हे कोणी दाखवीत नाही. तिसरी म्हणजे, माणूस. त्या ओट्याची उंची कोणाच्या तरी मापाची असते. ती आपल्या घरच्या माणसाच्या मापाची असेलच असे नाही.

५. आराखडा कसा करावा?

(अ) कामाची पाहणी. आराखडा काढण्यापूर्वी निदान एक आठवडा घरातील कामाची पाहणी करावी. दिवसातून किती वेळा स्वयंपाक होतो, एका वेळी किती माणसे काम करतात, कणीक कोठे मळली जाते, भाजी विळीवर बसून चिरतात की सुरीने उभ्याने, कोणते डबे रोज उघडतात आणि कोणते सणासुदीलाच, याची वहीत नोंद करावी. जे काम ज्याचे, त्याचे मत प्रथम विचारावे. स्वयंपाक केवळ आईनेच करावयाचा असतो असेही मानू नये; वडील, मुलगे, मुली सर्वांना तेथे सहज काम करता आले पाहिजे.

(आ) तीन केंद्रे. स्वयंपाकघरातील कामाची तीन केंद्रे असतात : पाण्याची जागा, अग्नीची जागा आणि साठवणाची जागा. या तिघांना जोडणाऱ्या रेषांनी एक त्रिकोण होतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९४० नंतरच्या काळात या त्रिकोणाचा अभ्यास झाला. त्याची प्रत्येक बाजू साधारण ४ ते ९ फूट आणि तिन्ही बाजूंची बेरीज १३ ते २६ फूट असावी, असा संकेत त्यातून रूढ झाला. समजा, एका खोलीत मोरी एका कोपऱ्यात, शेगडी समोरच्या टोकाला आणि कपाट दाराजवळ आहे. अंतरे ११, ९ आणि १० फूट, म्हणजे बेरीज ३० फूट. मोरी खिडकीखाली, शेगडी तिच्यापासून ४ फुटांवर आणि कपाट शेगडीपासून ५ व मोरीपासून ६ फुटांवर आणले, तर बेरीज १५ फूट होते. खोली तेवढीच राहून चाल निम्मी झाली. या त्रिकोणातून घरातील माणसांची ये-जा होऊ नये, म्हणजे उकळते भांडे घेऊन वळताना कोणाचा धक्का लागणार नाही.

(इ) ओट्याची उंची. ही गोष्ट गवंड्याच्या सवयीवर सोडू नये. काम करणाऱ्या व्यक्तीने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचे अंतर मोजावे. ओटा त्यापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावा. कोपर ३७ इंचांवर असेल, तर ओटा ३१ ते ३३ इंचांचा योग्य होईल. कणीक मळण्यास आणि भाकरी थापण्यास अंगाचा जोर लागतो, म्हणून त्या कामाची जागा आणखी दोन इंच खाली असल्यास खांदे दुखत नाहीत. शेगडीच्या बाबतीत बहुतेकांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. शेगडी स्वतःच पाच-सहा इंच उंच असते, आणि तिच्यावर मोठे पातेले चढले, की त्याचे तोंड छातीपर्यंत येते. म्हणून ओट्याचा शेगडीखालचा भाग चार-पाच इंच खाली घेतल्यास ढवळणे सोपे होते आणि वाफेने हात भाजण्याचे भय कमी होते. आजीला फार वेळ उभे राहवत नसेल, तर भाजी निवडण्यासाठी बसावयाची एक जागा आराखड्यात अवश्य ठेवावी.

(ई) हवा आणि उजेड. गरम हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून धूर व वाफ बाहेर टाकणारा पंखा किंवा झरोका छताजवळ असावा. परंतु आत येणाऱ्या हवेलाही वाट हवी, नाही तर पंखा नुसताच फिरतो. स्वयंपाकाच्या गॅसचा गुण याच्या उलट आहे. तो प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. हवेचा सरासरी रेणुभार सुमारे २९, प्रोपेनचा ४४ आणि ब्यूटेनचा ५८. म्हणजे गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा, आणि तो कपाटात ठेवावयाचा असेल तर कपाटाला तळाशी जाळी असलीच पाहिजे. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. वास आल्यास दिव्याचे बटण चालू अथवा बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

(उ) पाणी आणि वीज. आपल्या भागात पाऊस दाट पडतो. मोरीच्या तळाला गळतीरोधक थर दिल्यावाचून फरशी बसवू नये. एकदा फरशी बसली, की आतील दोष शोधण्यासाठी सारे उखडावे लागते. जमिनीला मोरीकडे किंचित उतार असावा. विजेची बटणे पाण्यापासून आणि शेगडीपासून दूर असावीत. २००० वॉटची विजेची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीजप्रवाह घेते. ६ अँपिअरच्या साध्या प्लगला तो भार सोसत नाही. अशा उपकरणासाठी १६ अँपिअरचा वेगळा प्लग आणि योग्य जाडीची तार भिंत लिंपण्यापूर्वीच घालून घ्यावी.

(ऊ) साहित्य. संगमरवर दिसावयास देखणा. पण तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. लिंबू, चिंच, कोकम यांतील आम्लाने त्यावर फेस येतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो, हे प्रयोगशाळेत सहज दाखविता येईल. त्या मानाने ग्रॅनाइट आम्लाला दाद देत नाही. ओट्याखालील कप्प्यांना कडप्पा स्वस्त आणि टिकाऊ पडतो. साधे प्लायवूड ओलीने फुगते आणि वाळवीला निमंत्रण देते. जमिनीची फरशी ओली झाली तरी पाय घसरणार नाही अशी असावी. डब्यांविषयी नियम एवढाच, की रोज लागणारी वस्तू कंबर आणि डोळे यांच्या दरम्यान, जड वस्तू खाली, आणि वर्षातून दोनदा लागणारी वस्तू माळ्यावर.

६. कामाचा क्रम आणि खर्च

आराखडा पक्का झाल्यावर तो प्रत्यक्ष जमिनीवर खडूने काढावा. जेथे ओटा येणार तेथे खोकी मांडावीत, आणि एक दिवस त्यांच्यामधून स्वयंपाक केल्यासारखे वावरून पाहावे. दोन माणसे एकमेकांना न अडखळता जाऊ शकतात काय, कपाटाचे दार उघडल्यावर वाट अडते काय, हे तेव्हाच कळते. खडूची रेघ पुसावयास काहीच खर्च येत नाही.

प्रत्यक्ष कामात प्रथम तोडफोड, नंतर नळ आणि विजेच्या नळ्या, त्यानंतर गळतीरोधक थर, गिलावा, ओट्याचा दगड, फरश्या, रंग आणि सर्वांत शेवटी लाकूडकाम, असा क्रम ठेवावा. क्रम मोडला, की झालेले काम पुन्हा फोडावे लागते. या काळात घरचा स्वयंपाक कोठे होणार, याची सोय आधीच करून ठेवावी.

खर्चाची यादी तीन रकान्यांत लिहावी : आवश्यक, सोयीचे आणि शोभेचे. उजेड, हवा, पाण्याचा निचरा, विजेची सुरक्षितता आणि ओट्याची योग्य उंची ही पहिल्या रकान्यात येतात. चकचकीत दारे आणि रंगीत दिवे तिसऱ्या रकान्यात. पैसे कमी पडू लागले, तर काट तिसऱ्या रकान्यापासून सुरू करावी. पुष्कळ घरांत नेमके उलट होते : दगड महागाचा येतो, आणि झरोका राहून जातो. जुनी भिंत उघडल्यावर अनपेक्षित दुरुस्ती निघतेच. म्हणून एकूण रकमेचा दहावा भाग तरी बाजूस ठेवावा. ज्यांच्याकडे पैसा अगदीच थोडा आहे, त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. डब्यांची जागा बदलणे, एक फळी योग्य उंचीवर ठोकणे, कौलांत काचेचे एक कौल बसविणे, यांस फारसा खर्च येत नाही, आणि काम करणाऱ्याला मात्र लगेच विसावा मिळतो.

घरातील जी व्यक्ती दररोज चार-पाच तास या खोलीत उभी असते, तिचे श्रम सहसा कोणी मोजीत नाही. आणि जे मोजले जात नाही ते कमी करण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती पट्टी आणि वही असतेच. स्वयंपाकघराच्या सुधारणेची सुरुवात त्यांनी या दोन साधनांनी आपल्या घरापासूनच करावी.

स्वाध्याय

१. आपल्या घरी सकाळचा चहा करताना किती पावले पडतात ते मोजा. दोन वस्तूंच्या जागा, घरच्यांना विचारून, बदला आणि पुन्हा मोजा.
२. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराची आणि ओट्याची उंची मोजून दोन्हींतील फरक लिहा.
३. आपल्या स्वयंपाकघराचा एक फुटास एक सेंटिमीटर या प्रमाणात आराखडा काढा व त्यात पाणी, अग्नी आणि साठवण यांचा त्रिकोण दाखवा.
४. घरातील गॅसची रबरी नळी केव्हा बदलली ते विचारा. तिच्यावर छापलेली मुदत वाचा.
५. सुधारित चुली पुष्कळ घरांत का टिकल्या नाहीत? आपल्या गावातील एखाद्या वृद्ध बाईंना विचारून दहा ओळी लिहा.